ऑक्लूजन
ऑक्लूजन : रसायनशास्त्र, वैद्यक, दंतवैद्यक व वातावरणविज्ञान या चार शास्त्रांत निरनिराळ्या अर्थांनी रूढ झालेली संज्ञा. लॅटिन भाषेतील ‘ओब’ (समोर, आड) व ‘क्लाउदेरे’ (बंद करणे) यांपासून बनलेल्या ‘ओक्लूदेरे’ या क्रियापदापासून ती आली. दार लावून घेणे, आत कोंडणे, वाट बुजविणे या सर्व अर्थच्छटा मूळ क्रियापदात आहेत आणि प्रत्येक शास्त्राने त्यांतील आपल्याला सोयीची छटा उचलली. रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष दाराआड कोंडल्या गेलेल्या पदार्थाकडे असते, तर वैद्याचे बुजलेल्या वाटेकडे. दंतवैद्य दाराच्या दोन फळ्या एकमेकींना नीट भिडतात की नाही ते पाहतो. वातावरणवैज्ञानिकाच्या दृष्टीने दोन थंड वायुराशींच्या मध्ये सापडलेल्या उबदार हवेची जमिनीशी असलेली वाट बंद होते. मराठीत या अर्थांसाठी अनुक्रमे अंतर्धारण, रोध, दातांची जुळणी व मिटलेले सीमापृष्ठ असे वेगवेगळे शब्दप्रयोग करावे लागतात. त्यामुळे इंग्रजी वाचकाला सहज जाणवणारे नाते मराठी वाचकाच्या लक्षात येत नाही. पण चार अर्थांची गल्लतही होत नाही, हा फायदा लहान नव्हे.

वैद्यकात कोणतीही नळी वा मार्ग बुजणे या ढोबळ अर्थाने हा शब्द जुना आहे. काटेकोर शास्त्रीय संज्ञा म्हणून त्याचा वापर प्रथम रसायनशास्त्रात झाला. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम (१८०५–६९) हे १८५५ पासून लंडनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख होते. वायूंचे विसरण हा त्यांचा जन्मभराचा विषय. १८६३ मध्ये फ्रान्समध्ये सँत-क्लेर दव्हील व त्रूस्त यांनी तापून लाल झालेल्या प्लॅटिनमाच्या व लोखंडाच्या नळीतून हायड्रोजन आरपार जातो, असे दाखविले होते. छिद्र दिसत नसलेल्या धातूतून वायू जातो कसा, या प्रश्नाच्या मागे लागून ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये पॅलॅडियमावर प्रयोग केले. या धातूचा पातळ पत्रा हायड्रोजनात तापवून थंड केला असता त्याने स्वतःच्या घनफळाच्या ६०० पटींहून अधिक हायड्रोजन शोषून घेतला. पुढे पाण्याच्या विद्युत् विच्छेदनात पॅलॅडियमाची तार ऋणाग्र म्हणून वापरली, तेव्हा सुरुवातीला तारेवर बुडबुडे दिसेनातच. निर्माण होणारा सर्व हायड्रोजन धातू गिळून टाकीत होता. या रीतीने हे प्रमाण ९०० पटींच्याही वर गेले. हा वायू नेहमीच्या तापमानाला निर्वातातही सहजासहजी बाहेर पडत नसे. धातू तापविला म्हणजे मात्र तो सुटा होई. पृष्ठभागावर चिकटणे किंवा द्रवात विरघळणे यांपेक्षा हा प्रकार निराळा आहे, असे वाटल्यावरून ग्रॅहॅम यांनी त्याला ऑक्लूजन हे नाव दिले.

हे नाव वर्णनपर होते, स्पष्टीकरण नव्हते. ग्रॅहॅम यांना प्रथम वाटले, की हायड्रोजन धातूच्या अतिसूक्ष्म रंध्रांत द्रवासारख्या अवस्थेत शिरत असावा. नंतर त्यांचे मत बदलले. हायड्रोजन भरलेल्या तारेची लांबी दीड टक्क्याहून अधिक वाढते, तिची विद्युत् संवाहकता घटते, पण ती दिसते व वागते धातूसारखीच. यावरून हायड्रोजन हा मुळात एका अतिबाष्पनशील धातूचा वायू असून पॅलॅडियमाशी त्याची मिश्रधातू बनते, असे अनुमान त्यांनी काढले. या कल्पित धातूला त्यांनी ‘हायड्रोजेनियम’ म्हटले आणि १८६९ मध्ये पॅलॅडियम-हायड्रोजेनियमाची लहान पदके पाडून मित्रांना दिली. टांकसाळ हाताशी असलेल्या शास्त्रज्ञालाच सुचावी अशी ही कल्पना होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी १८६७ मध्ये त्यांनी लेनार्टो (तेव्हा हंगेरीत, आता स्लोव्हाकियात) येथील उल्कालोहाचा तुकडा निर्वातात तापविला होता. त्यातून त्याच्या घनफळाच्या जवळजवळ तिप्पट वायू निघाला आणि त्यात हायड्रोजनाचा अंश फार मोठा होता. पृथ्वीवरील लोखंडात साधारणतः इतका हायड्रोजन नसतो. तेव्हा हे लोखंड हायड्रोजनाने दाट भरलेल्या वातावरणातून आले असावे, असा तर्क त्यांनी केला.

क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना कळू लागल्यावर या कोड्याचा उलगडा झाला. पॅलॅडियमाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनाचा रेणू फुटतो आणि सुटे अणू धातूच्या अणुजालकातील मोकळ्या जागांत जाऊन बसतात. नेहमीच्या तापमानाला पॅलॅडियमाच्या दर दहा अणूंमागे हायड्रोजनाचे सहा ते सात अणू मावतात आणि जालक घनफळाने सु. दहा टक्के फुगते. हायड्रोजनाखेरीज अन्य वायूंना या वाटेने जाता येत नसल्याने पॅलॅडियम व चांदी यांच्या मिश्रधातूचा पडदा अतिशुद्ध हायड्रोजन मिळविण्यासाठी वापरतात. ‘हायड्रोजेनियम’ हे नाव विसरले गेले, तरी वायू धातूसारखा मिसळून जातो हे ग्रॅहॅम यांचे निरीक्षण खोटे ठरले नाही.

याच गुणधर्मामुळे पॅलॅडियमाने शास्त्रज्ञांना दोनदा चकविले. १९२६ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्स पानेट व कुर्ट पेटर्स यांनी पॅलॅडियमात शोषलेल्या हायड्रोजनाचे हीलियमात रूपांतर होते, असे जाहीर केले. वर्षभरातच त्यांनी आपला दावा स्वतःहून मागे घेतला. सापडलेला अत्यल्प हीलियम उपकरणाच्या काचेतून व ॲस्बेस्टसातून आलेला होता. पॅलॅडियमाने काय कोंडले हे पाहताना काचेने काय कोंडून ठेवले होते, तिकडे दुर्लक्ष झाले होते. दुसरा प्रसंग अधिक गाजला. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमान व स्टॅन्ली पॉन्स यांनी जड पाण्याच्या विद्युत् विच्छेदनात पॅलॅडियमाच्या अग्रावर नेहमीच्या तापमानाला अणुकेंद्रीय संघटन घडते, असे वार्ताहर परिषदेत सांगितले. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात जड पाणी, पॅलॅडियम आणि ट्रिटियम मोजण्याचा अनुभव ही तिन्ही उपलब्ध असल्याने तेथील अनेक गटांनी त्याच वर्षी प्रयोग केले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याचे नोंदविले. इतरत्र मात्र बहुतेक प्रयोगशाळांना असे परिणाम खात्रीने पुन्हा मिळविता आले नाहीत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नेमलेल्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि हा दावा शास्त्रीय जगात सर्वसाधारणपणे अमान्य झाला.

पोलादाच्या बाबतीत अंतर्धारण हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखविले, की अम्लात बुडविलेली लोखंडी तार ठिसूळ होते, तुटलेल्या जागी ओलावा लावल्यास तेथून बुडबुडे येतात आणि तार काही काळ ठेवून दिल्यास तिचा चिवटपणा परत येतो. मुलामा देण्यापूर्वी पोलाद अम्लाने स्वच्छ करताना, किंवा ओलसर पृष्ठावर वितळजोड करताना आत शिरलेला हायड्रोजन पुढे कित्येक तासांनी वा दिवसांनी भेगा पाडू शकतो. हायड्रोजनाचा इंधन म्हणून वापर करू पाहणाऱ्यांना नळांच्या बाबतीत आज हाच प्रश्न सोडवावा लागत आहे.

वैश्लेषिक रसायनशास्त्रात या संज्ञेला आणखी एक अर्थ आहे. विद्रावातून साका (अवक्षेप) झपाट्याने वाढत असता त्याच्या स्फटिकांत भोवतालच्या विद्रावातील लवणे कोंडली जातात आणि साका कितीही धुतला तरी ती निघत नाहीत. बेरियम सल्फेट हे याचे विद्यार्थ्यांना परिचित असलेले उदाहरण. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ टी. डब्ल्यू. रिचर्ड्‌स (१८६८–१९२८) यांनी अणुभार ठरविताना या दोषाचा कसून पाठपुरावा केला. नायट्रेट तापवून बनविलेल्या तांब्याच्या ऑक्साइडात वायू कोंडलेले राहतात आणि त्यामुळे वजन चुकते, हे त्यांनी दाखवून दिले. बेल्जियन शास्त्रज्ञ स्तास यांचे प्रमाण मानले गेलेले अणुभारही अशा कारणांनी सुधारावे लागले. अणुभारांच्या अचूक निश्चितीसाठी रिचर्ड्‌स यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आय. एम. कोल्टहॉफ यांनी १९३० नंतरच्या काळात पृष्ठशोषण, मिश्रस्फटिक व खरे अंतर्धारण यांत स्पष्ट भेद केला. साका गरम विद्रावातच बराच वेळ राहू द्यावा, ही प्रयोगशाळेतील सूचना त्यामागील कारणासह तेव्हापासून समजू लागली.

दंतवैद्यकात वरचे व खालचे दात मिटले असता एकमेकांवर कसे टेकतात, त्या संबंधाला ऑक्लूजन म्हणतात. (मराठीतील ‘दातखीळ बसणे’ याच्याशी त्याचा संबंध नाही, तो जबड्याच्या स्नायूंचा विकार होय.) अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड हार्टली अँगल (१८५५–१९३०) यांच्यापूर्वी वेड्यावाकड्या दातांकडे सुटेसुटे दोष म्हणून पाहत. प्रश्न एकेका दाताचा नसून दोन्ही ओळींच्या जुळणीचा आहे, असे प्रतिपादून अँगल यांनी १८९९ मध्ये सदोष जुळणीचे तीन वर्ग मांडले. वरच्या पहिल्या कायम दाढेचा पुढील गालाकडील उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील खाचेत बसणे, ही त्यांची कसोटी. तो तसा बसत असून दात इतरत्र वाकडे असल्यास पहिला वर्ग, खालची ओळ मागे असल्यास दुसरा, पुढे असल्यास तिसरा. एवढे सोपे वर्गीकरण वैद्यकात क्वचितच इतके टिकले असेल. आजही जगभर दंतवैद्यकाचे विद्यार्थी ते शिकतात.

अँगल यांच्या मताची दुसरी बाजू मात्र वादग्रस्त ठरली. निसर्गाने दिलेले सर्व दात टिकवूनच आदर्श जुळणी साधली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. काही रुग्णांत दात काढल्याखेरीज चेहऱ्याची ठेवण बिघडते, असे कॅल्व्हिन केस यांचे म्हणणे. १९११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतवैद्य परिषदेत यावर कडाक्याचा वाद झाला व अँगल यांच्या अनुयायांची सरशी झाली. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपण एकही दात न काढता सरळ केलेल्या कित्येक रुग्णांचे दात पुन्हा वाकडे झालेले व ओठ पुढे आलेले आढळले. त्यांनी त्या रुग्णांचे दात काढून पुन्हा उपचार केले आणि गुरूंच्या निधनानंतर आपले निष्कर्ष मांडले. ऑस्ट्रेलियात रेमंड बेग यांनी १९५४ मध्ये निराळाच मुद्दा पुढे आणला : तेथील आदिवासींचे दात भरड अन्नामुळे वरून व बाजूंनीही झिजत आणि त्यामुळे ओळीत जागा होई, मऊ अन्न खाणाऱ्या समाजात ती होत नाही. आदर्श जुळणी ही निसर्गदत्त अवस्था आहे की आहाराने घडविलेली, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. शिवाय अँगल यांची कसोटी दाढांपुरती आणि पुढे-मागे या एकाच दिशेची होती. १९३१ मध्ये ठराविक स्थितीत डोक्याची क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत निघाल्यावर दोष दातांत आहे की जबड्याच्या हाडांत, हे वेगळे करता येऊ लागले.

वातावरणविज्ञानात ही संज्ञा नॉर्वेतील बर्गन येथून आली. पहिल्या महायुद्धात परदेशांतून येणारी हवामानाची तारयंत्र-वृत्ते बंद पडली आणि धान्याची टंचाई होती. अशा वेळी लाइपसिकहून १९१७ मध्ये परतलेले व्हिल्हेल्म ब्यर्कनेस (१८६२–१९५१) यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी पूर्वानुमाने देण्याकरिता पश्चिम नॉर्वेत निरीक्षणस्थानांचे दाट जाळे उभारले. या जाळ्यामुळे अभिसारी चक्रवातातील हवा एकजिनसी नसून उबदार व थंड वायुराशी तीव्र सीमांनी विभागलेल्या असतात, हे उघड झाले. त्यांचे पुत्र याकॉब (१८९७–१९७५) यांनी १९१९ मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. या सीमांना युद्धातील आघाड्यांवरून नाव मिळाले. मराठीत त्यांना सीमापृष्ठे म्हणतात.

याकॉब यांच्या चित्रात चक्रवात कायम एकाच रूपाचा होता. तो जन्मतो, वाढतो आणि विरतो हे त्यात नव्हते. बर्गनमध्ये काम करणारे तरुण स्वीडिश शास्त्रज्ञ टोर बर्जेरॉन (१८९१–१९७७) यांना १९१९ च्या नोव्हेंबरात नकाशे तयार करीत असताना दिसले, की मागून येणारे शीत सीमापृष्ठ पुढील उष्ण सीमापृष्ठाला गाठते आणि त्या दोहोंमधील उबदार हवेची पाचर जमिनीवरून उचलली जाते. उबदार हवा वर कोंडली गेली म्हणजे चक्रवाताचा शक्तिस्रोत आटतो आणि तो हळूहळू मंदावतो. याकॉब ब्यर्कनेस व हाल्व्होर सोल्बर्ग यांनी १९२२ मध्ये चक्रवाताचा जीवनक्रम म्हणून हे एकत्र मांडले. नकाशांवर शीत सीमापृष्ठ निळ्या, उष्ण लाल व मिटलेले जांभळ्या रेषेने दाखविण्याचा प्रघात पडला.

हे चित्र पाठ्यपुस्तकांत इतके पक्के बसले, की त्यातील उणिवा मान्य होण्यास फार काळ लागला. १९९० मध्ये शपिरो व कायझर यांनी सागरावरील काही चक्रवातांत शीत सीमापृष्ठ उष्ण सीमापृष्ठाला गाठीतच नाही, ते त्याच्यापासून सुटून काटकोनात पुढे जाते, असे दाखविले. २०११ मध्ये शुल्ट्स व व्हॉन यांनी अधिक मूलभूत आक्षेप घेतला. एकाने दुसऱ्याला गाठणे हे कारण नसून भोवऱ्याभोवती दोन्ही वायुराशी गुंडाळल्या जाणे ही मुख्य क्रिया होय. शिवाय मिटल्यानंतरही पुष्कळ चक्रवात आणखी खोल होत राहतात. बर्जेरॉन यांना दिसलेली रेषा खरी होती, तिची उपपत्ती अपुरी होती. भारतात मोसमी पावसाला हे चित्र लावता येत नाही, कारण उष्ण कटिबंधात वायुराशींच्या तापमानांत तसा तीव्र फरक नसतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वायव्य भारतात येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा विचार मात्र जुन्या, मिटून गेलेल्या सीमापृष्ठांचे अवशेष म्हणून केला जात असे.

वैद्यकात या शब्दाला सर्वांत अधिक वजन हृदयाच्या रोहिण्यांमुळे आले. रोहिणी कशी बुजते याचा पाया रूडोल्फ फिरखो यांनी १८४६ पासून घातला. एके ठिकाणी गुठळी होणे (अंतर्क्लथन) आणि ती वाहत जाऊन दुसरीकडे अडकणे (अंतर्कीलन) हा भेद त्यांचाच. हृद्‌रोहिणी एकाएकी बुजली, की मृत्यू अटळ अशी मात्र समजूत होती. कीव्ह येथे ओब्राझत्सॉव्ह व स्ट्राझेस्को यांनी १९१० मध्ये आणि शिकागो येथे जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखविले, की हे निदान जिवंत रुग्णात करता येते आणि कित्येक रुग्ण त्यातून वाचतात. हेरिक यांच्या निबंधाकडे प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही. विद्युत् हृल्लेखनाची जोड मिळाल्यावर तो मान्य झाला आणि पुढील तीन दशके ‘कॉरोनरी ऑक्लूजन’ हेच हृदयविकाराच्या झटक्याचे नाव बनले.

नंतर हे नाव मागे पडले. १९३९ मध्ये फ्रीडबर्ग व हॉर्न यांनी शवपरीक्षेत रोहिणी बुजलेली नसतानाही हृद्‌स्नायू मृत झालेले रुग्ण नोंदविले. गुठळी सर्वांत दिसेना, तेव्हा ती झटक्याचे कारण नसून परिणाम असावा, असे मत १९७० च्या सुमारास अनेक विकृतिवैज्ञानिक मांडू लागले. नावही बदलून ‘हृद्‌स्नायूचा अभिकोथ’ असे, म्हणजे कारणाऐवजी परिणाम सांगणारे झाले. हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. गुठळी परिणामच असेल, तर ती विरघळविण्यात अर्थ उरत नव्हता. आणि गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज हे द्रव्य तर १९३३ पासून माहीत होते. १९८० मध्ये अमेरिकेतील स्पोकेन येथे डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका चालू असतानाच रोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेण्याचे धाडस केले. लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांत, म्हणजे ८७ टक्क्यांत, रोहिणी पूर्ण बुजलेली होती. १२ ते २४ तासांनंतर तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आले होते. काळ गेला की पुष्कळ गुठळ्या आपोआप विरघळतात, म्हणून शवपरीक्षेत त्या हुकत होत्या.

त्यानंतर प्रगती झपाट्याने झाली. १९८६ मध्ये इटलीतील सु. १२,००० रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजाने तीन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण १३ वरून १०·७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात उपचार मिळालेल्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. १९८८ च्या १७,१८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरीन दोन्ही दिलेल्यांत रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू आठ टक्के, तर दोन्ही न दिलेल्यांत १३·२ टक्के होते. ॲस्पिरीन कोणत्याही खेडेगावातील दुकानात मिळण्याजोगे औषध आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे सोय असेल तेथे आता फुग्याच्या नळीने रोहिणी उघडून जाळीदार नळी बसवितात. विद्युत् हृल्लेखात ठराविक उंचवटा दिसला तरच तातडीने रोहिणी उघडावयाची, या प्रघातामुळे पूर्ण बुजलेल्या रोहिणीचे काही रुग्ण मागे राहतात. म्हणून वर्गीकरण हृल्लेखावरून न करता रोधावरूनच करावे, असे मत अलीकडे काही हृद्रोगतज्ञ मांडीत आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा शब्द त्यामुळे पुन्हा रुग्णालयांत ऐकू येऊ लागला आहे.

नेत्रवैद्यकात मात्र ऑक्लूजन हा रोग नसून उपचार आहे. तिरळेपणामुळे वा दोन डोळ्यांच्या दृष्टीतील फरकामुळे लहान मुलाचा एक डोळा मंद पडल्यास चांगला डोळा काही काळ झाकून मंद डोळ्याला काम करण्यास भाग पाडतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ मध्ये याचे विवेचन केले होते. मूल लहान असतानाच हा उपचार अधिक गुणकारी ठरतो. डोळ्यावरील चिकटपट्टी मुले ओढून काढतात, ही आईबापांची नेहमीची तक्रार. २००२ मध्ये अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या ४१९ मुलांवर झालेल्या चाचणीत चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीन घालून त्याची दृष्टी तात्पुरती अंधुक केल्यानेही जवळजवळ तितकाच गुण येतो, असे आढळले. पुढील वर्षी मध्यम स्वरूपाच्या विकारात दिवसातून सहा तासांऐवजी दोन तास डोळा झाकणेही पुरते, असे दिसून आले.